सत्तरने भागलेलं आयुष्य

माझ्या उमेदीची बहुतेक वर्षं एका आकड्याच्या सोबतीत गेली. तो आकडा म्हणजे सत्तर. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, जिला गावोगावचे पेन्शनर नुसतं ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात, तिच्यात पेन्शन काढायचं सूत्र एका ओळीचं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. बी.कॉम.च्या वर्गात फळ्यावर लिहिलं की मुलं दोन मिनिटांत पाठ करतात. परीक्षेत मार्क देणारं, कधी न चुकणारं सूत्र. मला मात्र त्या छेदाने कधी सोडलं नाही. सत्तरच का? पस्तीस वर्षं नोकरी झाली तर पस्तीस भागिले सत्तर, म्हणजे बरोबर निम्मं. ज्याने पस्तीस वर्षं कारखान्याला दिली, त्याला उरलेल्या आयुष्यात निम्मा पगार मिळावा, असं वचन मी त्या छेदात वाचत आले. एका साध्या अपूर्णांकात एवढी माणुसकी मावते, हे उमगलं तेव्हा मी अगदी हरखून गेले होते.

पण सूत्रातला ‘पगार’ हा खरा पगार नव्हे. त्याला मर्यादा आहे. योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली तेव्हा ती ५,००० रुपयांची होती, जून २००१ पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. माणसाला महिन्याला तीस हजार मिळत असले तरी सूत्राला त्यातले पंधराच दिसतात. निम्म्याचं वचन खरं. फक्त ते कशाचं निम्मं, हे दुसऱ्या कलमात लिहिलेलं.

हे सगळं मला एका माणसाच्या कागदांनी शिकवलं. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. योजना सुरू झाली त्याच गळीत हंगामात ते कामाला लागले आणि अठ्ठावन्न पूर्ण होऊन घरी बसले. मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. खताच्या दुकानाच्या जुन्या कॅलेंडरात गुंडाळलेले कागद त्यांनी टेबलावर हळूच उलगडले. पीएफच्या स्लिपा, नेमणुकीचं पत्र, कारखान्याचा दाखला, सगळं तारखेवार लावलेलं. बोलायच्या आधी त्यांनी हात कपड्याला पुसले. मग विचारलं, “बाई, आमचं काम हंगामाचं. वर्षातले सहाच महिने धरत असतील न्हवं?”

नाही, हे त्यांना सांगता आलं याचं मला आजही समाधान आहे. हंगामी आस्थापनेतल्या कामगाराने वर्षात प्रत्यक्ष जेवढं काम केलं असेल, ते वर्षापेक्षा कमी असलं तरी पेन्शनसाठी ते वर्ष पूर्ण धरायचं, असं योजनेत लिहिलेलं आहे. ज्या कुणी ती ओळ घातली, त्याला ऊस कधी तुटतो आणि भट्टी कधी विझते हे ठाऊक असणार. नियमांच्या पुस्तकात अशा जागा असतात. तिथे थांबून लिहिणाऱ्याला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

मग आम्ही हिशेब मांडला. ऑगस्ट २०१४ पर्यंतची ढोबळ एकोणीस वर्षं ६,५०० च्या मर्यादेने, त्यानंतरची नऊ १५,००० ने. साडेसहा हजार गुणिले एकोणीस भागिले सत्तर : १,७६४ रुपये. पंधरा हजार गुणिले नऊ भागिले सत्तर : १,९२९. वीस वर्षांहून अधिक सेवा म्हणून मिळणारी दोन वर्षांची वाढ धरली तरी बेरीज चार हजारांच्या आसपास. त्यांनी तो आकडा बराच वेळ पाहिला. मुलीने हळूच विचारलं, “मॅडम, ह्याच्यात महागाई भत्ता?” महागाई भत्ता ह्यात नसतो. आज जो आकडा ठरला तो ऐंशीव्या वर्षीही तोच. किमान पेन्शनही १ सप्टेंबर २०१४ पासून हजार रुपये ठरली, आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी हजाराच्या पुढे सरकली नाही. हजार रुपयांत २०१४ साली काय येत होतं आणि आता काय येतं, हे मी वर्गात कधी फळ्यावर लिहिलं नाही. मुलांच्या घरी ते रोज मांडलं जात होतं.

माझं कॉलेज कोल्हापूरच्या बाजूचं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद ह्या वाटेने दरवर्षी नवी तुकडी घेऊन जायचं, हा माझा व्यवसाय. बाकावर बसलेल्या मुलांचे आईवडील सूतगिरणीत, साखर कारखान्यात, फौंड्रीत, एसटीत. त्यामुळे ग्रॅच्युइटीचं गणित शिकवताना वर्गात वेगळीच शांतता पसरे. शेवटचा पगार गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले सेवेची वर्षं. आठवड्याची सुट्टी वजा जाता महिना सव्वीस दिवसांचा; म्हणून सव्वीस. १९७२ च्या कायद्याने दिलेला हा अपूर्णांक मुलांना घरचा वाटायचा. “आमच्या पप्पांचं किती निघंल?” हा प्रश्न ठरलेला असे, आणि मी तो नेहमी तिथल्या तिथे सोडवून दाखवत असे.

शिकवता शिकवता मी परिसरातल्या सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल गोळा करू लागले. वार्षिक सभेत वाटतात ते, गुळगुळीत मुखपृष्ठाचे. सभासद लाभांशाचं पान पाहून अहवाल मिटतात. मी शेवटून उघडायची, हिशेबांवरच्या टिपांपासून. तिथे बारीक अक्षरात एक वाक्य वरचेवर भेटे : ग्रॅच्युइटी प्रत्यक्ष अदा केल्यावर खर्ची टाकली जाते. बस्स, एवढंच. हे वाक्य वाचून माझा जीव खालीवर होई. कामगार वीस वर्षं राबला, त्याची ग्रॅच्युइटी वीस वर्षं साचत गेली, आणि वह्यांमध्ये त्या देण्याची एक ओळ नाही. ज्या वर्षी तो झिजला त्या वर्षीचा नफा त्याच्या झिजेने फुगला, आणि तो घरी जाईल त्या वर्षी संस्थेकडे पैसे असतील की नसतील, कुणी सांगावं. मुलांना आम्ही पहिल्याच महिन्यात उपार्जनाचं तत्त्व शिकवतो : खर्च ज्या वर्षाचा, त्या वर्षी त्याची नोंद. आणि ज्याला सगळ्यांत जास्त जपायला हवं, त्या म्हाताऱ्या माणसाच्या पैशाला नेमकं ह्या तत्त्वातून सोडून दिलेलं. माझं संशोधन ह्या चिडीतून सुरू झालं आणि पुढे विषय कितीही पांगला तरी मूळ हेच राहिलं.

२००५ साली लेखामानक पंधरा सुधारून आलं आणि कंपन्यांना हे देणं अ‍ॅक्चुअरीकडून मोजून घेणं भाग पडलं. किती जण निवृत्तीपर्यंत टिकतील, पगार किती वाढतील, माणसं किती जगतील, ह्या सगळ्याचा अंदाज करायचा आणि भविष्यातली रक्कम आजच्या किमतीला आणायची. मुलांना ती पद्धत समजावताना मी एकच उदाहरण घेत असे. वीस वर्षांनी शंभर रुपये द्यायचे आहेत. सात टक्क्यांच्या दराने त्यांची आजची किंमत २५ रुपये ८४ पैसे. आता दर एकाच टक्क्याने वाढवू, आठ करू. किंमत २१ रुपये ४५ पैसे. देणं सहाव्या हिश्श्याने आटलं. वर्गाला मी विचारी, “वीस वर्षांनी त्या बाबांच्या हातात किती पडणार?” शंभरच. मग मधले चार रुपये एकोणचाळीस पैसे गेले कुठे? ते कुठेच गेले नाहीत, कारण ते कधी नव्हतेच. एक गृहीतक बदललं, एवढंच. त्या तासाला कुणी घड्याळाकडे पाहत नसे. हिशेबाच्या वहीत आकडा पक्का दिसतो. त्याच्यामागे कुणीतरी धरलेला अंदाज उभा असतो, आणि तो कुणी व कशासाठी धरला हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे मुलांच्या डोळ्यांत उतरताना दिसे. शिकवण्याच्या पेशाने मला जे दिलं त्यात हा क्षण सर्वांत वर.

निवृत्तिवेतनाच्या नियमनाचा इतिहास वाचत गेलं की ध्यानात येतं, बहुतेक कायदे कुणाच्या तरी उद्ध्वस्त म्हातारपणावर उभे आहेत. अमेरिकेत इंडियानातल्या साउथ बेंड गावी स्टुडबेकर कंपनीचा मोटार कारखाना डिसेंबर १९६३ मध्ये बंद झाला. पेन्शनच्या निधीत पुरेसे पैसे नव्हते. निवृत्त झालेल्यांना ठरलेलं मिळालं. पण पेन्शनचा हक्क पक्का झालेल्या, साठीच्या आतल्या सुमारे चार हजार कामगारांच्या पदरात त्यांच्या हक्काच्या पंधरा टक्केच पडले, आणि आणखी हजारोंना काहीच नाही. चाळीस वर्षं घालवलेली माणसं त्यात होती. कंपनीने काखा वर केल्या आणि तेव्हाच्या कायद्याने ते चालत होतं. त्या घटनेपासून ‘एरिसा’ हा पेन्शनचं रक्षण करणारा कायदा होईपर्यंत १९७४ उजाडलं. इंग्लंडात नोव्हेंबर १९९१ मध्ये वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल समुद्रात मरण पावला आणि मग उघडकीस आलं की त्याने आपल्या कंपन्यांच्या पेन्शन निधीतून चाळीस कोटींहून अधिक पौंड काढून धंद्यात घातले होते. त्यातून गूड समिती आली, १९९५ चा पेन्शन कायदा आला. दोन्ही ठिकाणी वचन खरं होतं, कागदही होते. नव्हतं ते एवढंच, की वचन देणाऱ्याच्या तिजोरीपासून ते पैसे दूर ठेवणारं आणि ते पुरेसे आहेत का हे दरवर्षी विचारणारं कुणीतरी.

इथवर माझा विश्वास सरळ होता : देणं लिहा, मोजा, वेगळं ठेवा, म्हणजे वचन टिकेल. मग इंग्लंडातल्या एफआरएस १७ ह्या मानकाची कहाणी अभ्यासाला घेतली आणि तो विश्वास गुंतागुंतीचा झाला. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या ह्या मानकाने सांगितलं, निधीतली मालमत्ता बाजारभावाने दाखवा, देणी रोख्यांच्या दराने मोजा आणि फरक ताळेबंदात आणा. लेखाशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर यात खोट काढायला जागा नाही. पण पुढच्या काही वर्षांत शेअर बाजार घसरला, माणसांचं आयुर्मान वाढलं, व्याजदर उतरले आणि ताळेबंदात मोठमोठ्या तुटी दिसू लागल्या. कंपन्यांनी एकामागून एक, शेवटच्या पगारावर आधारलेल्या पेन्शन योजना नव्या कामगारांना बंद केल्या. त्याला कारणं बरीच होती, सगळा भार एका मानकावर टाकणं अन्यायाचं होईल. तरी हे खरं, की देणं डोळ्यांना दिसू लागलं आणि पाहणाऱ्यांनी ठरवलं, असलं देणं आपल्याला नकोच. नव्या कामगारांना मिळालं एक खातं. कंपनी त्यात ठरलेली वर्गणी भरणार आणि मोकळी होणार. बाजार पडला तर, माणूस फार जगला तर, भाव वाढले तर, ते त्याचं तो पाहील. ताळेबंद स्वच्छ झाला.

त्या स्वच्छतेने मला फार अस्वस्थ केलं. बाजार, महागाई, दीर्घायुष्य यांची जोखीम नाहीशी झालीच नव्हती. हजारो खांद्यांवर सारखी वाटलेली होती ती सुटी सुटी होऊन एकेकट्या माणसाच्या अंगावर पडली, आणि माणसाच्या घरात ताळेबंद नसतो म्हणून ती कुठेच नोंदली गेली नाही. जोखीम कुणाकडून कुणाकडे गेली हे लिहिणारी टीप आमच्या शास्त्रात नाही. ती असायला हवी, असं मी तेव्हापासून प्रत्येक निबंधात, प्रत्येक चर्चासत्रात मांडत आले.

हे पाहायला मला इंग्लंडात जावं लागलं नाही, आपल्याकडेच, स्टाफरूममध्ये पाहिलं. केंद्र सरकारच्या नोकरीत १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनं पेन्शन नाही. मी त्या तारखेच्या खूप आधीची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे सर नंतरचे. वर्ग तेच, खडू तोच, पेपर तपासायचे गठ्ठेही सारखेच. मला शेवटच्या पगाराच्या निम्मं आणि त्यावर महागाई भत्ता. त्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापून एका खात्यात. पहिली काही वर्षं तर कपात होई आणि खात्याचा उतारा हाती येत नसे. लेखाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्याच पैशाचा हिशेब मिळू नये, याचं दुःख ते बोलून दाखवत नसत, कधीतरी पगारपत्रक समोर धरून म्हणत, “मॅडम, ही नावेची बाजू झाली. जमेची कुठं शोधू?” आणखी बिकट अवस्था अनेक शाळांतल्या शिक्षकांची : नेमणूक नोव्हेंबर २००५ च्या आधीची, पण शाळेला शंभर टक्के अनुदान मिळालं त्या तारखेनंतर. अनुदानाचा आदेश उशिरा निघाला म्हणून त्यांचं म्हातारपण वेगळ्या रकान्यात गेलं.

तारखेच्या रेषेबद्दल बोलताना मी वर्गाला नाकारा खटल्याबद्दल नेमाने सांगितलं आहे. केंद्राने १९७९ साली पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठीच. आधीच्यांनी दाद मागितली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नाही, ते केलेल्या सेवेचं देणं आहे, आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांची नुसत्या तारखेवरून फाळणी करता येत नाही. १७ डिसेंबर हा दिवस पेन्शनर आजही साजरा करतात. २००५ ची रेषा कायद्याच्या नजरेत वेगळी, कारण ती रुजू होण्याच्या तारखेवर ओढलेली. शेजारच्या खुर्चीवरून मात्र ती तशीच दिसते.

मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आमचे सरही मोर्चात चालले. मला लोक विचारत, तुम्ही अभ्यासक, तुम्ही कुणाच्या बाजूच्या? जुनी योजना मला जशीच्या तशी निर्दोष वाटत नाही. तिच्यात राज्याने पुढच्या पिढीच्या करांवर चिठ्ठी लिहून दिलेली असते आणि त्या चिठ्ठीची नोंद कुठल्याच ताळेबंदात नसते. सहकारी संस्थांच्या अहवालातली माझी बारीक अक्षरातली टीपच ती, फक्त राज्याएवढी मोठी. पण खातं उघडून देऊन हात झटकणं हे त्यावरचं उत्तर नव्हे. म्हणून १ एप्रिल २०२५ पासून केंद्रात लागू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे सरकारने आपल्या दहा टक्क्यांच्या जोडीला साडेआठ टक्के एका सामायिक निधीत घालायचे, हा. पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं, हे आश्वासन पुरं करायला तो निधी आहे. वचनही लिहिलं, त्याच्या पाठीशी पैसाही लिहिला. साडेआठ पुरतील की नाही हे अ‍ॅक्चुअरींनी वेळोवेळी सांगावं आणि ते लोकांसमोर यावं. आणि हे सगळं सरकारी नोकरांपुरतं राहू नये. त्या हंगामी कामगाराच्या चार हजारांमागे मोर्चाएवढी ताकद नाही. बुलढाण्यात साखळी उपोषणाला बसलेल्या ईपीएसच्या म्हाताऱ्यांची बातमी छापून येते ती आतल्या पानावर.

निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, खऱ्या पगारावरच्या वाढीव पेन्शनचा पर्याय द्यायचा की नाही हे विचारायला माणसं रांगेने येत. पर्याय घ्यायचा तर पीएफमधून मोठी रक्कम निधीत परत भरायची. कुणाला ते परवडणारं, कुणाला नाही. एकेकाचा हिशेब वेगळा मांडावा लागे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले की तिथेही ओळखीचे चेहरे भेटतात. फौंड्रीत जन्म गेलेल्या एका गृहस्थांचा अंगठा यंत्र घेईना. त्यांनी तो पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला, सातआठ वेळा. ज्या कामाचं पेन्शन घ्यायला ते आले होते, त्याच कामाने अंगठ्यावरच्या रेषा खाल्ल्या होत्या. शेवटी एका मुलीने मोबाइलवर त्यांचा चेहरा टिपून दाखला भरला. ही सोय आता आहे, ती ज्यांनी आणली त्यांचं भलं होवो.

सध्या मी आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी मिळून एका कागदाचा मसुदा करत आहोत. ती पीएफच्या कामाची सल्लागार आहे. आमचं म्हणणं असं, की प्रत्येक कामगाराला वर्षातून एकदा, मराठीत, एका पानावर हिशेब मिळावा. ह्या वर्षी मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये किती गेले, सरकारचे १.१६ टक्के किती, सेवेची किती वर्षं धरली गेली, कोणतं वर्ष सुटलं आणि ते जोडून घ्यायला कुणाकडे जायचं. त्याखाली, आज आहे तसंच चालत राहिलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी दरमहा किती. इथपर्यंत आमचं एकमत आहे. त्याच्या शेजारी मला आणखी एक रकाना हवा आहे : तीच रक्कम महागाई धरून आजच्या भावात किती होते. तिला तो नको. ती म्हणते, “मॅडम, तो आकडा पाहून माणसं हबकतील, पानच फाडतील.” मी म्हणते, हबकू देत, पंचविशीतल्या पोराला आत्ता कळलं तर त्याच्या हाताशी तीस वर्षं आहेत, संघटना आहे, मत आहे. ती त्यावर म्हणते की महागाईचा दर कुठला धरायचा तेच आधी ठरवा. हा प्रश्न तिला मीच शिकवलेला आहे. पुढच्या रविवारी ती चार टक्क्यांचं आणि सहा टक्क्यांचं अशी दोन पानं करून आणणार आहे, आणि आम्ही ती सूतगिरणीतल्या दहाबारा जणांना दाखवून त्यांनाच विचारणार आहोत.